दाराकडच्या बाजूचा डाग

आमच्या समोरच्या काकांइतका साबण उभ्या मावळात कुणी घरी बनवला नसेल, आणि त्यांच्याइतका कमी साबण कुणी अंगाला लावला नसेल. आमच्या गल्लीतल्या एकूण एक न्हाणीघरात त्यांच्या वड्या होत्या. पाहुण्यांच्या पिशव्यांतून त्या कामशेतला गेल्या, तळेगावला गेल्या, आणि एकदा तर माझ्या शाळेच्या शिपायामार्फत एका लग्नाच्या आहेरातसुद्धा गेल्या. काका स्वतः मात्र नुसत्या गरम पाण्याने आंघोळ करायचे. का, ते पुढे सांगते. तेवढं सांगितलं की काका सांगून झाले असं समजा.

काकांनी सारं आयुष्य घाटातल्या सिग्नलांचे फॉल्ट काढण्यात घालवलं. धुक्यात कुठेतरी दिवा लागेनासा झाला की काका हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे आणि फॉल्ट हातात घेऊनच परतायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. निवृत्त झाले, पण सवय कुठली निवृत्त व्हायला! लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. आमच्याकडे चहाला आले तर खुर्चीत बसण्याआधी मान वर करून म्हणणार, "बाई, पंख्याचं बेअरिंग बोलतंय." मी शाळेत शिकवते म्हणून त्यांच्या लेखी मी कायमची बाई. माझ्या फाटकाच्या कडीशी तर त्यांचं वैरच होतं. ती नीट लागत नाही हे मला माहेरून सासरी आल्यापासून ठाऊक आहे, जरा उचलून सरकवली की लागते. पण काकांना उचलून सरकवणं मंजूर नाही. "आज उचलताय, उद्या विसराल. फॉल्टशी जुळवून घ्यायचं नसतं," असं म्हणून ते कडी खोलायचे, दुरुस्त करायचे, आणि थोड्या दिवसांनी ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायची. एका लग्नात नवरा-नवरीला अक्षता टाकायच्या सोडून हे गृहस्थ मांडवाच्या एका खांबाकडे एकटक बघत होते. खांब कललेला होता हे खरं, पण मंगलाष्टकं चालू असताना खांबाखाली वीट सरकवायला वाकायचं म्हणजे काय!

काकू याच्या बरोब्बर उलट. काकांना प्रत्येक वस्तूत फॉल्ट दिसायचा आणि काकूंना प्रत्येक वस्तूत देव. घरात काही नवं आलं की आधी हळदकुंकू, मग वापर. मिक्सरला लावलं, गॅसच्या प्रत्येक सिलिंडरला लावलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला शिडी चढून लावलं. मी स्कूटर घेतली तेव्हा मी घरात पेढे काढेपर्यंत काकूंनी समोरून येऊन तिच्या कपाळावर, म्हणजे दिव्याच्या वर, बोट टेकवलंसुद्धा होतं. "अगं, ती आता तुला रोज नेणार-आणणार. तिला मान नको का?" आजारी पडल्यावर त्यांना पुण्याला तपासायला नेलं, तर तिथल्या भल्याथोरल्या मशीनसमोर उभं राहून त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं, "बाळा, याला चिमूटभर हळद वाहिली तर चालेल का गं?" ती मुलगी बिचारी गोंधळली. काका लाजेने भिंतीकडे बघत राहिले. हे मला काकूंनीच हसत हसत सांगितलं, आणि काय दुखणं निघालं तेही त्याच हसण्यात सांगून टाकलं. मला मात्र हातातला कप खाली ठेवावा लागला.

औषधांनी काकूंचं दुखणं थोडं मागे हटलं, पण कातडी पार नाजूक होऊन गेली. बाजारचा कुठलाही साबण लावला की अंगाची आग आग व्हायची. त्या मसुराच्या पिठाने आंघोळ करायच्या, तेही बोचायचं. कधी तक्रार नाही, पण एकदा कपडे वाळत घालताना सहज बोलून गेल्या, "साबणाचा वास घेऊन किती दिवस झाले गं. आंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही." काका पलीकडे पाण्याच्या नळाशी काहीतरी खुडबुड करत होते. ते थांबले. त्याच आठवड्यात ते कॉस्टिक सोडा, खोबरेल आणि कामशेतच्या घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल घेऊन आले आणि मागच्या अंधाऱ्या पडवीत त्यांनी ठाण मांडलं.

कोणाकडून कृती शिकले देव जाणे, पण शिकले चांगली. सोड्याचं पाणी निवू द्यायचं, ते तेलात ओतायचं, श्रीखंडासारखं दाट होईस्तोवर ढवळायचं, मग दाराजवळ ठेवलेल्या, कागद घातलेल्या लाकडी साच्यात ओतून वर फळी आणि फळीवर गोधडी. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि महिनाभर वाळवायच्या. पहिला साचा ओतला तेव्हा मीही बघायला गेले होते. काकू लगबगीने हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या, आणि काका एकदम कडाडले, "अगं ए, तिथेच थांब! इथे कॉस्टिक आहे. वाफ लागली तर? हे देवाधर्माचं काही नाही, हे केमिकलचं काम आहे. तू या दारातून आत यायचं नाहीस, सांगून ठेवतो." काकू दारातच थबकल्या. कोयरीवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं बाई. तुमचा साबण, तुमची पडवी." माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला आणि आत गेल्या. मीही हसले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळी उचलली. साबण सुरेख जमला होता, सायीच्या रंगाचा, गुळगुळीत. फक्त दाराकडच्या बाजूला, कडेच्या दोन-तीन वड्यांवर, तांबूस डाग.

झालं! एवढं कारण काकांना पुरलं. तिथून पुढे आमच्या गल्लीला साबणाचं वेड लागलं असं म्हणणं चुकीचं आहे, वेड एकट्या काकांना लागलं, पण त्याच्या झळा सगळ्यांना. आधी संशय तेलावर. कामशेतच्या तेलवाल्याकडे वडी नेऊन त्याच्या नाकाखाली धरली. तो म्हणाला, "भाऊ, तेल न्हाई खराब. सकाळीच काढलंय, मी सोता त्यातली भजी खाल्ली. साबणाचं मला इचारू नका." मग संशय पाण्यावर. नळाच्या पाण्यात लोखंड असणार म्हणून काका स्कूटरवर कॅन बांधून पार तिकोणा पेठेला गेले आणि किल्ल्याच्या पायथ्याशी झऱ्याचं पाणी भरून आणलं. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं म्हणे, "आबा, येवढं पाणी कुटं न्हेता?" "लोणावळ्याला, साबण करायला." "आन् लोणावळ्यात पाणी न्हाई व्हय?" काकांनी तिला लोखंडाचा परिणाम समजावून सांगायला सुरुवात केली. ती धुणं आवरून निघून गेली. झऱ्याच्या पाण्याच्या साबणावरही तांबूस डाग, दाराकडच्याच बाजूला.

ही दाराकडची बाजू हा काकांचा मोठाच शोध होता. साचा त्यांनी उलटा करून ठेवला, या टोकाचा त्या टोकाला फिरवला, तरी डाग दाराकडेच. "म्हणजे बाई, फॉल्ट साच्यात नाही. फॉल्ट बाहेरून येतोय," असं ते मला फाटकात उभं राहून सांगत होते, आणि माझी शाळेची वेळ टळत होती. बाहेरून काय येतं? हवा येते. हवेत काय असतं? तर कोपऱ्यावरच्या चिक्कीच्या दुकानातली गुळाची वाफ. काका दुकानदाराला भेटून आले. तो म्हणाला, "काका, गुळाची वाफ बंद केली तर मी काय विकू?" मग पाळी माझी. साबण ओतायच्या दिवशी मी मोहरीची फोडणी करू नये, तिचा धूर पडवीपर्यंत येतो, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. आता सांगा, हात जोडल्यावर काय म्हणणार? ज्या दिवशी समोर साबण, त्या दिवशी आमच्याकडे बिनफोडणीचं वरण, असं चालू झालं. आमचे हे एकदा ताटावर बसून म्हणाले, "काकूंसाठी खातोय हां मी, काकांसाठी नाही." शेवटी पडवीच्या दाराच्या फटींत काकांनी कापूस ठासला, दारावर ओलं पोतं लावलं. डागांना पोत्याचं काय हो!

आणि या सगळ्यातली काकांची सगळ्यात मोठी आडमुठी अट अशी, की डागाच्या खेपेतली एकही वडी काकूंना द्यायची नाही. आम्हाला चालेल, पाहुण्यांना चालेल, काकूंना नाही. डाग कडेच्या दोन-तीन वड्यांवर असायचे, मधल्या सगळ्या स्वच्छ. पण सिग्नलवाल्याचा नियम, एका ठिकाणी फॉल्ट म्हणजे सगळी लाइन बंद. आमच्या दूधवाल्या मावशी, शेतकरी घरातल्या, रोखठोक बाई. त्या म्हणाल्यासुद्धा, "आवो भाऊ, आंगाला लावायचा न्हवं? का नुसता बघत बसायचाय? द्या की त्यांना." काकांनी मावशींच्याच पिशवीत दोन वड्या टाकल्या. काकू तर किती वेळा म्हणाल्या, मी कानांनी ऐकलंय: "अहो, कडेच्या टाका वाटून. मधली एक द्या मला. वास तरी घेते." काकांचं ठरलेलं उत्तर, "आज दिसत नाही म्हणजे उद्या उमटणार नाही कशावरून? तेल आतून खवट होत असेल तर? तुला त्रास झाला तर मी काय करू? तुला देईन ती बिनडागाची देईन. आणि तू लावल्याशिवाय मीही लावणार नाही." डागाच्या वड्या ते काकूंच्या नजरेलाही पडू देत नव्हते; डाग पडतो एवढंच त्यांना ठाऊक, त्याचा रंग कधी दिसला नाही. पडवीतूनच थेट परभारे आमच्याकडे. नापास झालेल्या मुलाने प्रगतिपुस्तक लपवावं तसं.

काकू हसायच्या. "बरं, थांबते हो तोवर," म्हणायच्या.

थांबल्या नाहीत. मार्गशीर्षात दुखणं पुन्हा उलटलं आणि फार दिवस न घेता त्यांना घेऊन गेलं. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसले होते तेव्हा काकूंनी विचारलं, "यांचा नवा साचा कसा निघाला गं?" मी काय सांगणार! त्याही खेपेला डाग होते. मी म्हटलं, छान निघालाय, वाळतोय. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

दिवसकार्य झालं, मुलगी आपल्या संसाराला परत गेली, आणि काका घरात एकटे उरले. स्क्रूड्रायव्हर खिशात असायचा, पण आमच्या पंख्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. फाटकाची कडी अडली तर उचलून, सरकवून आत यायचे. ते बघून मला जास्त वाईट वाटायचं. मग एक दिवस पडवीत ढवळण्याचा आवाज आला. सोडा पडून होता, तेल पडून होतं, वाया का घालवायचं, असं म्हणाले. मी त्या दिवशी आपणहून फोडणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात उभे. हातात साबणाचा कडेचा तुकडा. चेहरा असा, की मला वाटलं आणखी कुणाचं काही बरंवाईट झालं.

"डाग नाही, बाई."

"अहो मग चांगलं झालं की काका! जमलं शेवटी!"

"काय चांगलं? मी काहीच बदललं नाही. तेल तेच, पाणी तेच, साचा तोच. फॉल्ट आपोआप जात नाही. आपोआप गेला म्हणजे आपल्याला तो कधी सापडलाच नव्हता." त्यांनी लगेच दुसरा साचा ओतला. तोही स्वच्छ. मग दारातला कापूस काढला, पोतं काढलं, मुद्दाम नळाचं पाणी घेतलं, मला फोडणी करायला लावली. तीही खेप स्वच्छ. ज्या बिनडागाच्या साबणासाठी या माणसाने जिवाचं रान केलं, तो आता ढीगभर पडवीत पडला होता आणि ते त्याच्याकडे बघून हताश होत होते. एका रविवारी दुपारी आमच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "सगळं तपासलं. घरात एकच गोष्ट बदललीय."

मी त्यांच्याबरोबर पडवीत गेले. कशाला गेले, मला तरी काय कळणार होतं त्यातलं! पण फळी उचलून बाजूला ठेवताना तिची खालची बाजू माझ्याकडे झाली. दाराकडच्या टोकाला, जिथे धरून फळी उचलायची तिथे, एक बोट उमटलं होतं. एकावर एक, खूपदा उमटलेलं. थोडं पिवळं, थोडं तांबूस.

"हे काय आहे, काका?"

"ते? लाकडाचा रंग असेल."

लाकडाचा रंग! मी घरात जाऊन त्यांच्या देवघरातली काकूंची कोयरी आणली. काका बघत राहिले. एक स्वच्छ वडी घेतली, जरा ओली केली आणि चिमूटभर हळद तिच्यावर टाकून बोटाने दाबली. हळदीच्या साडीला साबण लागला की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको, दर हळदीसमारंभानंतर न्हाणीघरात आम्ही तेच बघतो. पिवळी चिमूट काकांच्या डोळ्यांदेखत तांबूस झाली. तोच रंग. तोच डाग.

काका खाली बसले. जमिनीवरच बसले. म्हणाले, "साचा ओतला की मी दुपारी झोपायचो." मग, "मी हाकललं होतं ना तिला पहिल्या दिवशी." म्हणजे तेवढ्यात काकूंनी दारातून हात लांबवून फळी जराशी उचलायची, अंधारात चिमूट वाहायची, डोळे मिटून नमस्कार करायचा आणि फळी पुन्हा जागेवर. पायही आत टाकायचा नाही, कारण नवऱ्याने दारातून आत येऊ नको म्हणून सांगितलेलं. यांचं काम एकदाचं साधू दे म्हणून दर खेपेला हळद, आणि त्या हळदीपायी दर खेपेला नापास! यांनी लाजेने डाग लपवले, तिने भीतीने हळद लपवली. मला रडूही येत होतं आणि हसूही, आणि काकूंचा तो बारीक केलेला डोळा राहून राहून आठवत होता.

"अगं, सांगायचं तरी!" काका देवघराच्या दिशेला बघून मोठ्याने म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "मधल्या वड्या चांगल्या होत्या. ती म्हणत होती. द्यायला हव्या होत्या मी."

मी म्हटलं, काका, पुढच्या साच्याला तुम्हीच वाहा थोडी हळद, त्यांच्या नावाने. त्यांनी मान हलवली. "मी लावून काय उपयोग? तो डाग तिच्या हातचा नाही, हे मला ठाऊक असणार ना."

दुसऱ्या दिवसापासून काका दारोदार फिरू लागले. तुमच्याकडे जुनी वडी आहे का, डागाची? बदल्यात नवी देतो, एकदम स्वच्छ. लोकांना वाटलं, म्हातारा आता कामातून गेला. बहुतेकांच्या वड्या झिजून संपल्या होत्या. चिक्कीवाल्याने ग्राहकांच्या हात धुण्यासाठी ठेवलेली दिली, तिच्यावरचा डाग केव्हाच धुऊन गेला होता. दूधवाल्या मावशींनी मोठ्या मनाने घरभर शोधलं आणि म्हणाल्या, "न्हाई ओ भाऊ. लय चांगला व्हता, पोरींनी संपवला." शेवटी आमच्याच न्हाणीघरात, खिडकीच्या कोपऱ्यात मागे पडलेली एक चपटी चकती सापडली. कडेला जरासा तांबूस ठिपका शिल्लक होता. मी ती पुसून त्यांना दिली. त्यांनी ती रुमालात घेतली आणि रस्ता ओलांडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर काका माझ्या फाटकाशी उभे. आंघोळ करून आलेले, केस ओले, अंगाला साबणाचा वास. एवढ्या दिवसांत तो वास त्यांच्या अंगाला मी पहिल्यांदा घेतला.

"लावला?" मी विचारलं.

"लावला. डागाकडूनच लावला." त्यांनी आपला हात उलटासुलटा करून बघितला, मनगटापासून कोपरापर्यंत. कुठे लाली नाही, काही नाही. "मऊ आहे हो बाई साबण. तिला चालला असता."

मी फाटक उघडायला गेले आणि कडी नेहमीसारखी अडली. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, थोडा वेळ तसाच हातात धरला, आणि परत खिशात ठेवला. मग कडी हलकेच उचलली, सरकवली, आणि मला जायला वाट करून दिली.